आत्याबाईंचीं गाणीं : ‘नाइटनॉइज’ या वाद्यमेळाची हकीकत

घराण्याची दौलत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जमीनजुमला, दागदागिने, फार तर माळ्यावरील पोथ्यांची एखादी पेटी येते. परंतु जी वांटल्यानें कमी होत नाहीं, चोरास दिसत नाहीं आणि तरीहि एका पिढीनें हेळसांड केली कीं समूळ नाहींशी होते, अशीहि एक दौलत कित्येक घरांतून असते. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कंठांत असलेलीं गाणीं ही त्या जातीची दौलत होय. जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं जिच्या तोंडीं आहेत अशी आजी किंवा आत्या आपल्याकडे पूर्वीं बहुतेक घरीं असे. तिच्याबरोबर त्यांतलें किती गेलें, याचा जमाखर्च मात्र थोड्याच घरांनीं ठेवला.

युरोपच्या पश्चिम टोंकास असलेल्या आयर्लंडांतील एका कुटुंबानें हा जमाखर्च मोठ्या कसोशीनें ठेवला. त्या कुटुंबांतील भावाबहिणींनीं पुढें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन इतर सोबत्यांच्या साह्यानें एक लहानसा वाद्यमेळ उभा केला, आणि सुमारें तेरा वर्षें एका निराळ्याच धाटणीचें, शांत व अंतर्मुख संगीत जगास दिलें. ‘नाइटनॉइज’ हें त्या मेळाचें नांव. परंपरा आपल्या गांवाबाहेर पडली म्हणजे तिच्यांतलें काय टिकतें आणि काय बदलतें, हा प्रश्न आज आपल्याहि घरांतून उभा आहे. त्यावर या हकीकतीनें थोडाबहुत प्रकाश पडेल असें वाटल्यावरून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

एका स्वररेषेचें संगीत

पाश्चात्त्य संगीत म्हणजे अनेक सुरांचा एकाच वेळीं चाललेला मेळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आयर्लंडच्या देशी संगीतापुरती ती बाजूस ठेवावी लागते. तें संगीत मूळचें आपल्यासारखेंच एका स्वररेषेचें आहे. तेथील जुन्या गायकीस ‘शान-नोस’ म्हणतात. त्याचा अर्थच ‘जुनी रीत’ असा आहे. या गायकींत गाणारा एकटा गातो. साथीस वाद्य नसतें, तालाचें बंधनहि सैल असतें. आवाज चढवून किंवा हावभाव करून श्रोत्यांस जिंकण्याची हौस तींत नाहीं. त्याच चालीवर जागोजाग बारीक नक्षी काढून प्रत्येक कडवें किंचित् निराळें म्हणावें, यांतच गाणाऱ्याची कसोटी असते.

नाचाच्या चालींचा प्रांत निराळा. ‘रील’ ही चार मात्रांच्या अंगाची, ‘जिग’ सहांच्या, तर ‘स्लिप जिग’ नऊ मात्रांच्या अंगाची असते. बहुतेक चाली दोन भागांच्या असून प्रत्येक भाग दोनदां वाजविण्याचा प्रघात आहे. या साऱ्या चालींचे स्वर पाहूं गेल्यास ते मुख्यतः चार सप्तकांत बसतात, आणि तीं सप्तकें आपल्या बिलावल, काफी, खमाज व आसावरी या चार थाटांशीं स्वराला स्वर जुळतात. म्हणून एखादी आयरिश चाल प्रथमच ऐकतांना आपल्या कानास ती अगदींच परकी वाटत नाहीं. तेथील कोपराखालीं भाता दाबून वाजविण्याच्या पाइपमध्यें एकच सूर अखंड धरून ठेवणाऱ्या नळ्या असतात. तंबोऱ्याच्या सुरांत वाढलेल्या कानास त्यांचें प्रयोजन समजावून सांगावें लागत नाहीं.

अशा या एकल संगीतास समूहांत बसविण्याचा विचारपूर्वक प्रयत्न १९६० च्या सुमारास शॉन ओ रीआडा या संगीतकारानें केला. पूर्वीं नाचाच्या दिवाणखान्यांतून पुष्कळ वादक एकत्र बसत, पण सारे मिळून तीच चाल एकदमच वाजवीत. ओ रीआडानें वाद्यांना पाळीपाळीनें बोलावयास लावलें. कोठें पाइप एकटा, कोठें बांसरी आणि फिडल यांची जोडी, कोठें सर्व मिळून, अशी मांडणी त्यानें केली. त्याच्याच मंडळींतून १९६२ सालीं ‘चीफटन्स’ हा जगप्रसिद्ध मेळ निघाला. ओ रीआडा १९७१ सालीं अवघ्या चाळिसाव्या वर्षीं वारला. पण त्यानें उघडलेल्या वाटेनें पुढची सारी पिढी गेली.

सुट्टींतील शाळा

त्या पिढींतच मीहॉल ओ डोनल आणि त्यांच्या बहिणी ट्रीओना व मरेड यांचा समावेश होतो. आयरिश भाषेंत आडनांवाचें रूप पुरुषाचें एक व स्त्रीचें एक असें असतें. त्यामुळें भावाचें आडनांव ‘ओ डोनल’ तर बहिणींचें ‘नी गोनल’ असें उच्चारतात. हीं मुलें वाढलीं तीं डब्लिन शहराच्या वायव्येस असलेल्या केल्स या गांवीं. पण त्यांचें मूळ गांव उत्तरेकडील डोनेगॉल परगण्यांतील रान न फेर्श्ते हें समुद्रकांठचें खेडें. तेथें आयरिश हीच घरची भाषा. १८४५ पासून सुरू झालेल्या दुष्काळांत आयर्लंडांतील सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि जवळजवळ तितकींच देशोधडीस लागलीं. त्या वेळीं या भाषेचा कणा मोडला. ज्या थोड्या पश्चिमेकडील खडकाळ टापूंत ती तगून राहिली, त्यांपैकीं हा एक.

मुलांचे वडील आयरिश लोकसाहित्य आयोगाकरितां गाणीं व कथा गोळा करण्याचें काम करीत. १९३५ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचे संग्राहक खेड्यापाड्यांतून हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचें साहित्य टिपून घेत. सुट्टी लागली कीं मुलांची रवानगी रान न फेर्श्तेस होई. तेथें त्यांची आत्या नेली नी गोनल राहत असे. या बाईंच्या संग्रहीं शेंकडों गाणीं होतीं. आयरिश भाषेंतील होतीं तशींच इंग्रजीहि होतीं. पुढें मीहॉल यांनीं तिच्यापाशीं बसून तीं पद्धतशीर ध्वनिमुद्रित केलीं आणि डब्लिनच्या विद्यापीठांतील लोकसाहित्याच्या भांडारांत जमा केलीं. पुतण्यानें आत्याचा कंठ असा कागदोपत्रीं आणून ठेवावा, ही गोष्ट दिसावयास लहान असली तरी तिची किंमत काळ जातो तशी वाढत जाते.

तथापि हीं मुलें केवळ जतन करून थांबणारीं नव्हतीं. त्या काळीं बीटल्सचे सूर घरोघर पोंचले होते, आणि गिटार हातांत घेणें हें तारुण्याचें लक्षणच झालें होतें. मीहॉल, ट्रीओना, मरेड आणि त्यांचा मित्र डाही स्प्राउल या चौघांनीं ‘स्कारा ब्रे’ या नांवाचा मेळ काढला व १९७१ सालीं त्याच नांवाची तबकडी प्रसिद्ध केली. शतकानुशतकें एकट्यानें, बिनसाथीनें म्हटलेलीं आयरिश गाणीं त्यांनीं गिटारच्या साथीवर, जोडसुरांत म्हटलीं. जुन्या रीतीस ही उघड मुरड होती. पण गाण्यांचे शब्द, उच्चार आणि चालीचा ओघ हीं आत्याच्या शाळेंत पक्कीं झालीं असल्यामुळें ती मुरड परकी वाटली नाहीं. पाया पक्का असला म्हणजे वरच्या मजल्याची रचना बदलण्यास माणूस मोकळा असतो, याचें हें उदाहरण होय.

येथें मीहॉल यांच्या गिटारविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. गिटारच्या नेहमींच्या जुळणींत जी स्वरसंगति सहज निघते, ती युरोपीय राग-रूपांची. आयरिश चालीस ती अंगाबाहेरच्या कपड्यासारखी होते. १९६० नंतरच्या वर्षांत डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकानें एक निराळी जुळणी प्रचारांत आणली होती. मीहॉल यांनीं ती उचलली आणि आयरिश साथीची तीच मुख्य भाषा करून टाकली. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर तिच्या सहा तारा खालून वर सा, प, सा, म, प, सा अशा लावतात. तींत गंधार मुळींच नाहीं. गंधार कोमल कीं तीव्र, हें साथीदार ठरवीत नाहीं. तें चालच ठरविते. एका स्वररेषेच्या संगीतास साथ करतांना त्याच्या स्वभावास धक्का लागूं नये, ही अडचण त्या एका युक्तीनें सुटली.

कीर्ति आली, स्थैर्य आलें नाहीं

१९७५ च्या सुमारास मीहॉल व ट्रीओना हीं दोघें ‘बॉथी बँड’ या मेळांत होतीं. ‘बॉथी’ म्हणजे मजुरांची झोंपडी. डोनेगॉलचे गरीब लोक हंगामाच्या दिवसांत स्कॉटलंडांत शेतमजुरीस जात आणि अशा झोंपड्यांतून राहत; त्या आठवणीचें हें नांव. डोनल लनी, पाइपवादक पॅडी कीनन, बांसरीवादक मॅट मलॉय, फिडलवर टॉमी पीपल्स व मागाहून केव्हिन बर्क, अशी एकापेक्षां एक सरस मंडळी तींत होती. ही मंडळी असा वेग व असा जोर उत्पन्न करीत कीं, ऐकणाऱ्यास बसवत नसे. ट्रीओना स्वरपट्टीची वाद्यें वाजवीत, त्यांत हार्मोनियमहि असे. आपल्या संगीत नाटकांतून आणि कीर्तनांतून जिचें ठाण पक्कें झालें, ती बाजाची पेटी मूळच्या युरोपीय घराण्यांतलीच. ती आयरिश चालींच्या मागें सूर धरून बसलेली ऐकतांना माहेरीं गेलेल्या लेकीची भेट व्हावी तसें वाटतें.

परंतु १९७९ सालीं हा मेळ मोडला. अवघ्या चार-पांच वर्षांत त्यानें आयरिश संगीताचें रूप पालटून टाकलें. कीर्ति मिळाली, पण बारा महिने गाड्याघोड्यांवर काढून आणि रात्री जागून जें पदरीं पडावें तें पडलें नाहीं. कलावंताच्या संसारांतील ही जुनीच रड आहे. मीहॉल आणि केव्हिन बर्क यांनीं मग केवळ दोघांनीं मिळून, एक गिटार व एक फिडल एवढ्यावरच वाटचाल सुरू केली. अमेरिकेच्या दौऱ्यावर हिंडतां हिंडतां ते ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड या नदीकांठच्या शहरीं स्थायिक झाले. त्यांच्या १९८२ सालच्या तबकडीचें नांवच ‘पोर्टलंड’ असें आहे.

पोर्टलंडच्या घरांतील रात्री

पोर्टलंडमध्यें मीहॉल यांची गांठ बिली ओस्के या व्हायोलिनवादकाशीं पडली. ओस्के अमेरिकन; त्यांचें शिक्षण युरोपीय अभिजात पद्धतीचें. आयरिश फिडल आणि अभिजात व्हायोलिन हें वाद्य एकच. पण गज धरण्याची, सूर लांबविण्याची आणि कंप देण्याची रीत दोन्हींकडे अगदीं भिन्न. दोघांनीं मिळून कोणत्याहि एका घराण्याचें नव्हे असें कांहीं नवें बांधण्यास प्रारंभ केला. ओस्के यांच्या घरींच ध्वनिमुद्रणाची सोय होती. नाटकगृह नाहीं, नाचणारे पाय नाहींत, टाळ्या नाहींत. केवळ एक खोली, दोन वाद्यें आणि निवांत वेळ. नाचाच्या चालींतला वेग गळून पडला, आणि शान-नोस गायकीचा जो धीमेपणा, जी पोकळी, ती वाद्यांत उतरली.

यांतून निघालेली तबकडी १९८४ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें नांव ‘नाइटनॉइज’, म्हणजे रात्रीचा नाद. पुढें तबकडीचें तेंच नांव मेळाला पडलें.

ही तबकडी काढली ‘विंडहॅम हिल’ या संस्थेनें. या संस्थेची उत्पत्ति मोठी मनोरंजक आहे. विल्यम ॲकरमन हा विद्यापीठाचें शिक्षण अर्धवट सोडून सुतारकाम व घरबांधणी करणारा गृहस्थ होता आणि गिटार वाजवीत असे. १९७६ सालीं त्याच्या मित्रांनीं प्रत्येकीं पांच-पांच डॉलर वर्गणी घातली व तेवढ्या पैशांत त्याच्या वादनाच्या तीनशें तबकड्या निघाल्या. त्यानें व ॲन रॉबिन्सन या बाईंनीं मिळून कॅलिफोर्नियांत संस्था चालविली. पुढें जॉर्ज विन्स्टन यांच्या पियानोवादनाच्या ‘ऑटम’ (१९८०) व ‘डिसेंबर’ (१९८२) या तबकड्या लाखोंनीं खपल्या. वेष्टणावर भरपूर पांढरी मोकळी जागा, मधोमध निसर्गाचें एखादें छायाचित्र, आंत एका-दोन वाद्यांचें स्वच्छ मुद्रण, असा या संस्थेचा थाट. मोठ्या कंपन्या जिकडे ढुंकून पाहत नव्हत्या त्या शांत संगीतास गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट या घरगुती उद्योगानें सिद्ध केली.

दुकानदारांनीं या मालास ‘न्यू एज’, म्हणजे नवयुगाचें संगीत, असें नांव देऊन टाकलें. ध्यानधारणा, निसर्गोपासना, मनःशांति यांची जी लाट १९७० नंतर कॅलिफोर्नियांत उसळली होती, तिच्याशीं त्या नांवाचा संबंध. १९८७ सालीं ग्रॅमी पारितोषिकांत या प्रकारासाठीं स्वतंत्र वर्ग निघाला, तेव्हां त्यावर व्यापाराची मोहर उठली. स्वतः वादकांपैकीं पुष्कळांस हें नांव आवडत नसे, ॲकरमनलाहि नव्हतें. पण तबकडी कोणत्या फळीवर ठेवावी हा दुकानदाराचा प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर तो कलावंतास विचारून देत नाहीं.

घर पुन्हा जुळलें

दोघांचा हा मेळ पुढें चौघांचा झाला. बॉथी बँडनंतर ट्रीओनाहि अमेरिकेंत येऊन राहिल्या होत्या. त्या पियानो घेऊन आल्या, आणि डब्लिनचे ब्रायन डनिंग बांसरी घेऊन आले. डनिंग यांस अभिजात वादनाबरोबर जॅझचीहि चांगली जाण होती. १९८७ सालच्या ‘समथिंग ऑफ टाइम’ या तबकडीपासून हें चौकट-रूप दिसतें. त्यामागून ‘ॲट दि एंड ऑफ दि ईव्हनिंग’ (१९८८) आणि ‘दि पार्टिंग टाइड’ (१९९०) या तबकड्या निघाल्या.

या मेळाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यानें जुन्या चाली घेऊन त्यांवर नवें वेष्टण चढविलें नाहीं. बहुतेक रचना त्यांनीं स्वतःच केल्या. परंतु त्या रचनांचा पिंड आयरिशच राहिला. गिटार ‘सा-प’ धरून बसते. तिच्यावर व्हायोलिन एक सरळ, साधी ओळ मांडतें. बांसरी तीच ओळ किंचित् वळवून परत करते. पियानो मधल्या पोकळींत थोडकेच सूर टाकतो. क्वचित् सिंथेसायझरचा हलका हात असतो. पण मुख्य भार लांकूड, तार आणि फुंकर यांवरच. कोणीहि दुसऱ्यापुढें धांवत नाहीं. जॅझची छटा येते, अभिजात संगीताची शिस्त येते, पण शेवटीं कान परत येतो तो डोनेगॉलच्या किनाऱ्यावर. आत्याबाईंचें एकहि गाणें जशाच्या तसें नसलेल्या तुकड्यांतहि त्यांच्या गाण्याची चाल ओळखूं येते, ती यामुळेंच.

याच काळांत डोनेगॉलच्याच दुसऱ्या एका टापूंतून, ग्वीडोर येथून, आणखी एक कुटुंब जगापुढें आलें होतें. त्यांचा ‘क्लॅनड’ हा मेळ १९८२ सालीं एका दूरचित्रवाणी नाटकाच्या गीतामुळें इंग्लंडांत गाजला. आणि त्याच घरची कन्या एन्या हिची ‘वॉटरमार्क’ ही तबकडी १९८८ सालीं निघून देशोदेशीं पसरली. एन्याच्या संगीतांत तिचाच आवाज अनेकवार मुद्रित करून उभारलेला मोठा प्रासाद आहे. नाइटनॉइजचें संगीत त्या मानानें ओसरीवर बसून केलेल्या संभाषणासारखें. खपाच्या दृष्टीनें दोहोंची तुलना होऊं शकत नाहीं. मात्र एका लहानशा परगण्यांतील दोन घरांनीं एकाच दशकांत आपल्या मातृभाषेचा सूर असा दूरवर न्यावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें ओस्के मेळांतून निघाले आणि ऑरेगॉनमध्येंच कॉर्बेट येथें त्यांनीं स्वतःचें ध्वनिमुद्रणगृह बांधलें. त्यांच्या जागीं ‘शॅडो ऑफ टाइम’ या तबकडीपासून जॉनी कनिंगहॅम हे स्कॉटिश फिडलवादक आले. ते एडिंबरोचे, ‘सिली विझर्ड’ या मेळांत अगदीं कोवळ्या वयांत नांवारूपास आलेले. ओ डोनल भावंडांस ते नवखे नव्हते. मीहॉल-ट्रीओना आणि जॉनी-फिल कनिंगहॅम अशा दोन भावंडांच्या जोड्यांनीं मिळून ‘रिलेटिव्हिटी’ नांवाचा मेळ १९८६ च्या सुमारास चालविला होता. जॉनी यांच्या येण्यानें मेळाचा तोल थोडा पुन्हा जुन्या परंपरेकडे झुकला. ‘ए डिफरंट शोअर’ (१९९५) व शेवटची ‘दि व्हाइट हॉर्स सेशन्स’ (१९९७) या तबकड्यांतून तें स्पष्ट ऐकूं येतें.

आक्षेप आणि उत्तर

या संगीतावर दोन बाजूंनीं आक्षेप येत. जुन्या परंपरेचे अभिमानी म्हणत कीं, ज्या वादकांनीं बॉथी बँडमध्यें वीज खेळविली त्यांनीं आतां अंगाई गावी, हें योग्य नव्हे. देशी संगीतांतील तिखटमीठ काढून तें परदेशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यास शोभेसें केलें आहे. दुसऱ्या बाजूचे टीकाकार म्हणत कीं, नवयुगाचें म्हणून जें संगीत विकलें जातें तें ऐकण्याचें नसून उशाशीं लावून ठेवण्याचें आहे.

दोन्ही आक्षेपांत तथ्य अजीबात नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. बॉथी बँडचा आवेश या मेळांत नाहीं हें उघड आहे. आणि शांत संगीताच्या बाजारांत पुष्कळसा माल निव्वळ पोकळ होता, हेंहि खरें. परंतु शांतता आणि पोकळपणा या एक वस्तु नव्हेत. आयरिश परंपरेंत नाचाचा वेग जितका जुना, तितकाच बिनतालाच्या संथ गाण्याचा ठाव जुना आहे. नाइटनॉइजनें त्यांपैकीं दुसरें अंग घेतलें. शिवाय देशांतर केलेल्या माणसाचें संगीत गांवांत राहिलेल्या माणसासारखें कसें राहील? गांवांत राहणारा जत्रेंत वाजवितो. दूरदेशीं गेलेला रात्रीं खिडकीशीं बसून वाजवितो. सूर तेच, पण ऐकणारा कोणी नसल्यामुळें ते निराळ्या रीतीनें निघतात. तो फरक लपवून परदेशांत खोटी जत्रा भरविण्यापेक्षां, आहे ती स्थिति प्रामाणिकपणें सुरांत सांगणें हेंच आम्हांस अधिक खरें वाटतें.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा प्रामाणिकपणा त्यांस परवडला तो आत्याबाईंच्या शाळेमुळें. ज्यांनीं मूळ परंपरा गिळलेली नव्हती अशा पुष्कळांनीं धुकें, समुद्र आणि बांसरी एवढ्या सामग्रीवर ‘केल्टिक’ संगीताचे कारखाने काढले. त्यांची आज कोणास आठवण नाहीं.

अखेर

१९९२ सालीं ॲकरमननें विंडहॅम हिलमधील आपला हिस्सा बीएमजी या बड्या कंपनीस विकला, आणि १९९६ पर्यंत सारी संस्थाच तिच्या ताब्यांत गेली. मित्रांच्या पांच-पांच डॉलरांवर उभा राहिलेला घरगुती उद्योग वीस वर्षांत एका विशाल हिशेबवहींतील एक सदर होऊन बसला. कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. वाढ ही लहान संस्थांची इच्छा असते आणि पुष्कळदां तोच त्यांचा शेवट असतो. १९९७ नंतर नाइटनॉइजहि थांबला. सुमारें दीड तप परदेशीं काढून मीहॉल आयर्लंडास परत गेले, ट्रीओनाहि परतल्या.

परतल्यावर दोघेंहि पुन्हा मूळ विहिरीशीं आलीं, हें विशेष. १९९९ सालीं ट्रीओना व मरेड या बहिणींनीं मिळून आयरिश गाण्यांची तबकडी काढली. तिच्या नांवाचा अर्थ ‘दोन प्रकाशांच्या मध्यें’, म्हणजे संधिप्रकाश. २००१ सालीं मीहॉल यांनीं आपल्या जुन्या सोबत्याबरोबर, फिडलवादक पॅडी ग्लॅकिन यांच्याबरोबर, पुन्हा देशी चालींचें मुद्रण केलें. जॉनी कनिंगहॅम २००३ च्या डिसेंबरांत वारले. त्यांचें वय शेहेचाळीस होतें. आणि जुलै २००६ मध्यें मीहॉल हे डब्लिन येथें राहत्या घरीं पडल्याचें निमित्त होऊन चौपन्नाव्या वर्षीं निवर्तले.

आत्या गेली, पुतण्याहि गेला. पण नेली नी गोनल यांचीं गाणीं डब्लिनच्या भांडारांत सुरक्षित आहेत. डोनेगॉलच्या कोणाहि मुलीस तीं आज ऐकतां येतील, शिकतां येतील आणि तिला वाटल्यास बदलतांहि येतील. पोर्टलंडच्या त्या खोलींत जें नवें संगीत झालें, त्याची मुळी शेवटीं एका खेड्यांतील घरीं, सुट्टींत आलेल्या मुलांस जवळ बसवून गाणाऱ्या या बाईंपाशींच पोंचते.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या मुलांस गाण्याच्या वर्गास पाठविण्याची ऐपत आज आहे, आणि ध्वनि टिपून घेण्याचें यंत्र तर प्रत्येकाच्या खिशांतच असतें. मग उणीव आहे ती कशाची? दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टींत एक दुपार मोकळी ठेवून, घरांतील आत्या, मावशी वा आजी यांस ‘तुम्हांला येतें तें सारें म्हणा’ असें सांगून त्यांच्यापुढें शांतपणें बसण्याची. त्यांतून उद्यां एखादा वाद्यमेळ निघेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पण जमाखर्चाची वही तरी कोरी राहणार नाहीं.